आवट्यांचा डावा हात

“टाचणी कोण?”

दारातल्या माणसानं चपला बाहेर काढल्या, काखेतली पेपराची घडी हातात घेतली आणि शांतपणे एवढंच विचारलं. बुधवार होता. सकाळचे दहा वाजले असतील. मी प्रेसमधल्या डुगडुगत्या स्टुलावर बसून बशीतून चहा पीत होतो. टाचणी म्हणजे मीच. पण मी बशीतल्या चहाकडे बघत राहिलो.

देवणीकर बाईंनी छपाईचे खिळे जुळवता जुळवता मान वर केली. “टाचणी इथं बसत नाहीत. चित्र पोस्टानं येतं,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बोट दाखवून, चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा न हलवता, “हे लग्नपत्रिका छापायला आलेत.”

“अरे वा,” तो माणूस म्हणाला. “कधी आहे लग्न?”

“माघात,” मी म्हणालो. मुलगीसुद्धा बघितली नव्हती अजून!

गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर आजही दोन-तीन घरांतून फोन येतील. मराठवाड्यातलं एक तालुक्याचं गाव, साल पंच्याऐंशी. मी तिथल्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो, वय पंचवीस, अंगात मस्ती भरपूर. नवऱ्याच्या मागे देवणीकर बाई ‘दवंडी’ नावाचं साप्ताहिक एकटीनं चालवत होत्या. मजकूर त्याच लिहायच्या, खिळे त्याच जुळवायच्या आणि ट्रेडल मशिनही पायानं त्याच चालवायच्या. दर शनिवारच्या अंकात माझं एक व्यंगचित्र असायचं, खाली सही ‘टाचणी’. खरं नाव टाकायची सोय नव्हती, कारण आमच्या शाळेचे चेअरमन नगराध्यक्षांचे सख्खे मेव्हणे होते. नाव फुटलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझी वळकटी एसटीच्या टपावर गेली असती.

त्या आठवड्यातलं चित्र तर गावभर गाजत होतं. कोष्टीवाडी आणि गाव यांच्यामध्ये एक ओढा आहे. त्याच्यावर पूल झाला, असं नगरपालिकेच्या कागदावर होतं. पूल बांधून पूर्ण, उद्घाटन तेवढं बाकी! प्रत्यक्षात कोष्टीवाडीची माणसं चपला डोक्यावर धरून गुडघाभर पाण्यातून ये-जा करत होती. मी अगदी तेच काढलं. ओढ्यात चपला डोक्यावर घेतलेली माणसं, त्यांच्या वर तुटक रेषांचा एक झकास कमानीचा पूल आणि काठावर टेबल टाकून बसलेला एक क्लार्क. क्लार्क वहीत लिहितोय, ‘पूल पूर्ण.’ टेबलाखाली त्याचा खिसा टम्म फुगलेला. चौकातल्या पानटपरीवाल्यानं ते पान कापून काचेवर चिकटवलं होतं. मी रोज पान खायला तिथूनच जायचो. पान खात नव्हतो, तरी जायचो.

समोरचा माणूस बाकावर बसला. चाळिशी ओलांडलेला, पांढरा शर्ट, इस्त्री नाही पण स्वच्छ. त्यानं पेपर उलगडून माझ्यासमोरच ठेवला आणि चित्रातल्या क्लार्कवर बोट टेकवलं.

“मी माणिक आवटे,” तो म्हणाला. “पालिकेत बांधकाम खात्यात क्लार्क आहे. हा मी.”

बाई म्हणाल्या, “अहो आवटे, चित्रातला माणूस कुणी एक नसतो. कुठलाही क्लार्क असतो तो.”

“बाई, अख्ख्या पालिकेत डावखुरा क्लार्क एकच आहे.”

मी चित्राकडे बघितलं आणि बशी खाली ठेवली. चित्रातला क्लार्क डाव्या हातानं लिहीत होता. मनगट आत वळवून, पेनाला वरून मिठी मारल्यागत. दोन महिन्यांपूर्वी दाखल्यासाठी पालिकेच्या रांगेत उभा असताना खिडकीतून मी तो हात बघितला होता. मला त्याचा आकार फार आवडला होता. माणूस कोण, कसा, कशाचं काय, मी बघितलंसुद्धा नव्हतं. मला माणूस नको होता, नुसता हात हवा होता. तो मी उचलला आणि चोराला जोडून दिला.

“चांगला काढलाय हात,” आवटे म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

मग त्यांनी सांगितलं. पुलाच्या फायलीत काम जागेवर जाऊन बघितल्याची टिपणी क्लार्कनं लिहायची असते. आवट्यांनी लिहिलं होतं, ‘जागेवर पूल आढळला नाही.’ साहेबांनी तीनदा बोलावून बदलायला सांगितलं, तीनदा त्यांनी तेच लिहिलं. एक दिवस ते पान फायलीतून गेलं आणि त्याजागी दुसरं आलं. ‘पूल पूर्ण’, खाली आवट्यांची सही. हुबेहूब.

“बोंबाबोंब व्हायला लागली तेव्हा त्यांना एक माणूस पाहिजेच होता,” आवटे म्हणाले. “शनिवारी तुमचं चित्र आलं. सोमवारी नगराध्यक्षांनी ते सगळ्यांना दाखवलं. म्हणाले, आता पेपरवाल्यांनासुद्धा ठाऊक झालंय, कोणी खाल्लं ते. परवा शुक्रवारी सर्वसाधारण सभा आहे. त्यात मला निलंबित करायचा ठराव येतोय.”

बाईंचे हात थांबले. “अगं बाई! म्हणजे आम्ही त्यांच्याच हातात कोलीत दिलं.”

“तसंच झालं.”

“मी खुलासा छापते. ठळक अक्षरात, पहिल्या पानावर.”

“खुलासा चार ओळींचा असतो, बाई. तो वाचतं कोण? चित्र तर ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही वाचलंय. माझ्या आईला अक्षर येत नाही. आम्ही राहतो कोष्टीवाडीतच. दोन वर्षांमागं त्याच ओढ्यात घसरून तिचा पाय मोडला, अजून लंगडते. तिनं टपरीवर ते चित्र बघितलं. लहानपणी मी डाव्या हातानं जेवायला लागलो की ती लुगड्याच्या धडप्यानं माझा हात खाटेच्या पायाला बांधून ठेवायची. उजव्यानं जेव म्हणायची. जेवायला शिकलो उजव्यानं, पण बाकी सगळं डाव्यानंच राहिलं. तर तिला दुसऱ्या कुणी सांगायला लागलं नाही. हात बघूनच ओळखलं तिनं.”

“मग?” बाईंनी विचारलं.

“रविवारी सकाळी चहा दिला तर घेतला नाही. म्हणाली, ज्या हातानं पूल खाल्ला त्या हातचं पाणी नको मला. चार दिवस झाले. शेजारच्या मुलीकडून पाणी मागते.” त्यांनी पेपराची घडी पुन्हा घातली. “नोकरीचं बघू. ती गेली तर हातमाग आहे घरात. पण आईपुढं मी काय फाईल ठेवू?”

मला वाटलं, उठावं आणि पळत सुटावं.

“टाचणी मीच,” मी म्हणालो.

“मला ठाऊक होतं, सर,” आवटे म्हणाले. “लग्नपत्रिका छापायला आलेल्याच्या नखांत काळी शाई कशाला असेल?”

मला वाटलं आता हा माणूस दोन मुस्काटात देईल, आणि खरं सांगतो, दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी काहीतरी पुटपुटलो. चूक झाली, माफ करा, पुढच्या चित्रात तुम्हाला अजिबात घेणार नाही, वगैरे.

“नका घेऊ म्हणायला मी आलो नाही,” ते म्हणाले. “उलट पुन्हा काढा. मलाच काढा. हाच ओढा, हेच टेबल, हाच हात. आणि शब्द नकोत, आईला कळलं पाहिजे. चित्रानं घाण केली, ती चित्रानंच धुतली पाहिजे.”

बाई उठल्या. पदर कमरेला खोचला. “उद्या गुरुवार, बाजाराचा दिवस. सगळा तालुका गावात असतो. मी एक पानाचा जादा अंक काढते. मास्तर, बसा काढायला.”

“आणि ब्लॉक?” मी म्हणालो.

इथंच खरी अडचण होती. आमच्याकडं चित्र छापायचा ब्लॉक होत नसे. चित्र एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचं, तो जिल्ह्याला ब्लॉकवाल्याकडे पोचवायचा आणि दोन दिवसांनी जस्ताचा ब्लॉक दुसऱ्या कंडक्टरबरोबर यायचा. इतका वेळ होताच कुठं?

“मग हातानं कोरा,” बाई म्हणाल्या. “लिनो का फिनो, पोरांना शिकवता ना?”

शाळेच्या कपाटात कोरून ठसे काढायच्या लिनोचा एक तुकडा शिल्लक होता, वहीच्या पानाएवढा. मी पोटदुखीच्या नावाखाली अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तो घेऊन आलो. आवटेही कचेरीत गेले नाहीत. समोर बाकावर बसून राहिले, हात टेबलावर ठेवून. मी त्या हाताकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. करंगळीच्या बाजूला शाईचा जुना डाग होता, लिहिलेल्या ओळीवरून हात घासत जातो ना डावखुऱ्यांचा, त्याचा. मनगटावर एक पांढुरका वळ होता.

“हा कसला?” मी विचारलं.

“बांधलेल्याचा. मी फार ओढायचो.”

मी पेन्सिल खाली ठेवली. मग पुन्हा उचलली. “ते लुगडं कसलं होतं? काठ कसा होता त्याचा?”

“रुईफुलाचा. आम्ही कोष्टी ना, घरीच विणलेलं. पण त्याचं काय मध्येच?”

“असंच,” मी म्हणालो.

दोन तास मान मोडून कोरलं. बाईंनी शाई लावली, कागद ठेवला, मशिनवर पहिला छाप काढला आणि आवट्यांच्या हातात दिला. ते खूप वेळ बघत राहिले. मी मनातल्या मनात शाबासकी घ्यायला तयार होऊन बसलो होतो.

“सर,” ते हळूच म्हणाले, “हा माझा हात नाही. हा उजवा आहे.”

देवा! दर वर्षी मी वर्गात ओरडून ओरडून घसा बसवायचो, पोरांनो, लिनोवर उलटं कोरायचं, छापल्यावर सुलटं येतं. आणि स्वतः सुलटं कोरून बसलो होतो. छापात सगळं उलटं आलं होतं. मी कपाळावर हात मारला. आता ना तुकडा होता, ना वेळ. दुपारचे तीन वाजले होते.

“लिनो म्हणजे तेच ना, जमिनीवर अंथरतात ते?” आवट्यांनी विचारलं.

“तेच. पालिकेत अध्यक्षांच्या खोलीत आहे बघा,” बाई म्हणाल्या. “तुमच्या कपाटाखालीही एक तुकडा असेल की. आणा जाऊन पटकन, कुणाला कळतंय!”

“छे,” आवटे म्हणाले. “ते सरकारी आहे.”

ते इतक्या सहज म्हणाले की बाई एक क्षण त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग पेटीतली कात्री घेऊन आतल्या खोलीत गेल्या. प्रेस त्यांच्या घराच्या पुढच्या भागातच होतं. टर्रर्र असा आवाज आला. बाहेर आल्या त्या हातात हिरव्या लिनोलियमचा मोठा चौकोन घेऊन.

“बाई, हे तर तुमच्या बैठकीतलं,” मी म्हणालो.

“हो. ह्यांनी हैदराबादहून आणलं होतं, हौसेनं. त्यांच्या खुर्चीखालचं आहे.” त्यांनी पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली. “पाय ठेवायला ते नाहीत आता. कोरा. आणि मास्तर, ह्या वेळी नीट, नाहीतर तुम्हालाच उलटं टांगीन.”

ह्या वेळी नीट कोरलं. तोच ओढा, चपला डोक्यावर घेतलेली तीच माणसं, तोच तुटक रेषांचा पूल. काठावर तेच टेबल, तोच क्लार्क. पण त्याचा डावा हात टेबलाच्या पायाला कापडाच्या पट्टीनं करकचून बांधलेला, आणि पट्टीच्या कडेला बारीक बारीक रुईफुलं. पेन खाली पडलेलं. क्लार्कच्या मागून चार उजवे हात पुढे आलेले, बोटाबोटांत अंगठ्या. ते चारही हात वहीत सह्या करतायत. ह्या खेपेला शब्द एकही नव्हता. खाली सहीच्या जागी मी ‘टाचणी’ कोरायला घेतलं आणि थांबलो. टोपणनावामागं लपून मी एका माणसाचं नाव घालवलं होतं. मी पूर्ण नाव कोरलं, सुधाकर बिडवई.

“मास्तर, नोकरी जाईल,” बाई म्हणाल्या.

“जाऊ दे.”

छाप निघाला. आवट्यांनी तो हातात घेतला. पट्टी डाव्याच हातावर आलेली बघितली तशी त्यांनी मान खाली घातली आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. दिवेलागणीपर्यंत आम्ही तिघांनी मिळून हजार प्रती काढल्या. आवटे कागद लावत होते. डाव्या हातानं.

सभेत काय झालं ते आधीच सांगून टाकतो. बाजारात एक प्रत उरली नाही. शुक्रवारी निलंबनाचा ठराव कुणी मांडलाच नाही, कारण मांडायचं म्हटलेल्या मेंबरच्या बोटांत तीन अंगठ्या होत्या आणि गॅलरीतल्या लोकांनी त्या मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. चौकशी जिल्ह्यावरून झाली. आवट्यांचं टिपणीचं मूळ पान एका कपाटामागं ‘सापडलं’. आवट्यांची बदली जन्म-मृत्यूच्या नोंदींवर झाली. नगराध्यक्ष पुढच्या वेळी पुन्हा निवडून आले, उगाच खोटं कशाला सांगू. पण पूल झाला. तीन वर्षांनी झाला, पण सिमेंटचा झाला, अजून आहे. माझी नोकरी महिन्याभरात गेली. बाईंनी मला प्रेसमध्ये ठेवून घेतलं आणि तिथून मी जो चित्रांत पडलो तो पडलोच. चाळीस वर्षं झाली. मागच्या वर्षी माझा सत्कार झाला तेव्हा कुणीतरी विचारलं, चित्रकलेतले गुरू कोण? मी म्हणालो, बांधकाम खात्यातले एक क्लार्क आणि एक ट्रेडल चालवणाऱ्या बाई. लोक हसले. मी विनोद केला नव्हता. त्या दिवसापासून मी एकही हात माणूस विचारल्याशिवाय काढलेला नाही. जे काही थोडंफार धड काढलं, ते त्या दोघांचं देणं आहे.

पण मला सांगायचंय ते सभा सुरू व्हायच्या आधीचं.

शुक्रवारी अकराला मी आणि बाई पालिकेच्या पायऱ्यांपाशी उभे होतो. आवटे दाराशी एकटेच उभे होते. त्यांच्याशी बोलायला कचेरीतलं कुणी धजत नव्हतं. ऊन मी म्हणत होतं. तेवढ्यात रस्त्याच्या वळणावरून माणसं येताना दिसली. कोष्टीवाडीची. पन्नास-साठ असतील, बायाच जास्त. ओढा मागं राहिला होता, रस्ता कोरडा ठणठणीत होता, तरी एकानंही चपला पायात घातल्या नव्हत्या. सगळ्यांच्या चपला डोक्यावर. अगदी चित्रातल्यासारख्या. दुकानदार दुकानं सोडून बाहेर आले. कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं.

सगळ्यांच्या पुढं एक म्हातारी होती. एका हातानं डोक्यावरच्या चपला धरलेल्या, दुसऱ्या हातात काठी, एक पाय ओढत चाललेली.

“आई,” आवटे म्हणाले. एवढंच.

म्हातारी पायऱ्यांपाशी आली आणि धापा टाकत पहिल्याच पायरीवर टेकली. चपला खाली ठेवल्या. कमरेची पिशवी उघडून तिनं घडी घातलेला कागद बाहेर काढला. आमचाच जादा अंक. तो तिनं मांडीवर पसरला आणि त्या बांधलेल्या हातावरून, पट्टीवरून, बोट फिरवत राहिली.

“ह्यो काठ माझा हाय,” ती कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली. “मीच बांधलं हुतं ह्याला. आन् माझ्या मागनं ह्या लोकांनी बांधलं.”

आवटे आत धावले. दाराशी ठेवलेल्या माठातून पेला भरून आणला. डाव्या हातात. आईसमोर आले आणि एकदम थबकले. पेल्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि घाईघाईनं पेला उजव्या हातात घ्यायला लागले. थोडं पाणी सांडलं.

म्हातारीनं त्यांचं मनगट धरलं.

“त्याच हातानं दे,” ती म्हणाली.

त्यांनी दिला. तिनं पेला तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.